आमच्या गाड्यावरची गांधीलमाशी

१४ सप्टेंबर, रविवार
दवाखान्यातून घरी आलो. अक्षर वाकडं येतंय.
शुक्रवारी दुपारी गाड्यावर सीताफळाचं क्रेट उचललं आणि मानेवर काहीतरी डसलं. तिथवरचं नीट आठवतं. मग तळहात खाजायला लागले, मग तळपाय, मग जीभ जाड झाली. मोठ्या भावाला म्हणलं, भाई, मला काहीतरी व्हायलंय. तो गिऱ्हाईकाला माल तोलून देत होता. न बघताच म्हणाला, "गांधीन चावली असंल. चुना लाव."
पुढचं त्याच्याच तोंडून कळलं. मी क्रेटवर आडवा झालो, तोंड राखेसारखं पडलं, कपड्यात लघवी झाली. शेजारच्या केळीवाल्यानं न् त्यानं रिक्षात घातलं.
डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर...
पुढं बोललेच नाहीत. ते अर्धं वाक्य डोक्यातून जात नाही.

१५ सप्टेंबर
डॉक्टरांनी विचारलं, मधमाशी होती का गांधीलमाशी? काटा आत राहिला होता? मधमाशीचा राहतो म्हणे, गांधीलमाशीचा राहत नाही. मला काय माहीत. मी मानेवर थाप मारली एवढंच. भाई म्हणतो गांधीन, केळीवाला म्हणतो मधमाशी. बघितलं दोघांनीही नाही.
रक्त घेतलं. बाहेरगावी पाठवणार.
जवळ ठेवायला इंजेक्शन दिलंय, ॲड्रिनलिन. काचेची कुपी फोडायची, सुईत ओढायचं, मांडीत द्यायचं. पुन्हा काही चावलं तर दवाखान्याची वाट बघायची नाही, आधी हे, मग रिक्षा. मी म्हणलं, डॉक्टर, त्या दिवशी मला माझं नाव सांगता येत नव्हतं, कुपी कशी फोडू? म्हणून माझ्या बायकोला, शबानाला शिकवलं.

१६ सप्टेंबर
शबाना मोसंबीवर सराव करतेय. सुईत साधं पाणी. पाण्याची कुपी फोडताना बोट कापलं.
सानिया दहावीची पुस्तकं सोडून बघत बसलेली. "अब्बा, मोसंबी वाचली," म्हणाली.
शबाना हसली नाही. "मोसंबी हलत नाही. तुम्ही हलाल."

२१ सप्टेंबर
गाड्यावर गेलो नाही. घरातच. खिडक्या बंद.
पंख्याचा आवाज बदलला की उठून बसतो. शेजारच्यांचा मिक्सर, रस्त्यावरनं वीजकेंद्राच्या राखेचा टिपर, मोबाईल थरथरला तरी. पाणी प्यायच्या आधी ग्लासात बघतो. शर्ट झटकतो, उलटा करून पुन्हा झटकतो. मधेच आवंढा गिळून बघतो, घसा उघडा आहे का.
सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. शबानासमोर लाज वाटते म्हणून शर्ट न्हाणीत झटकतो. तिला माहीत आहे.

२६ सप्टेंबर
रिपोर्ट आला. मधमाशी पण निघाली, गांधीलमाशी पण. डॉक्टर म्हणाले, दोन्हीला खरोखर ॲलर्जी असेल असं नाही. दोन्हींच्या विषात काही काही सारखं असतं, त्यामुळं ही तपासणी फसते. "पुण्याला जा. तिथं पेशींवर तपासणी करतात. इलाज करायचा तर आधी नक्की कोण ते कळलं पाहिजे."
म्हणलं, इलाज काय असतो?
म्हणाले, त्याच माशीचं विष. अगदी थोडं थोडं, अंगात टोचत जायचं. बरीच वर्षं.


१ ऑक्टोबर
आज मेलो असं वाटलं.
जेवून उठलो आणि छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या. घसा आवळला. शबाना म्हणून ओरडलो. तिनं कुपी काढली, सुई भरली, पायजमा वर केला. तिचा हात मांडीपर्यंत आला आणि थांबला. "अंगावर कुठंच चट्टे नाहीत," म्हणाली. "ओठ बघू. ओठ पण बरे आहेत. चावलं कुठं?"
कुठंच नव्हतं चावलं.
दवाखान्यात नेलं. बीपी नीट, सगळं नीट. डॉक्टर हळूच म्हणाले, भीतीनंही असंच होतं.
म्हणजे आता दोन गोष्टी आहेत माझ्या अंगात, आणि आतून दोन्ही सारख्याच वाटतात. खरी आली तर मला ती भीतीच वाटेल, आणि मी गप्प पडून राहीन. हे शबानाला बोललो नाही. इथंच लिहितोय.

६ ऑक्टोबर
भाई घरी आलता. सीताफळाचा मोसम, एकटा पडलाय. धर्मापुरीचा बापू रोज माल आणून टाकतो, उतरवायला दुसरा माणूस नाही.
"अजून किती दिवस बसायलास बे घरात?"
म्हणलं, भाई, पुण्याची तपासणी होऊ दे.
"अब्बाच्या टायमापासून त्या माशा हायत गाड्यावर. तुला लहानपणी किती चावल्या. तवा कावून न्हाई झालं काई?"
म्हणलं, असंच होतं म्हणे. आधी सोसतं, मग एक दिवस नाही सोसत.
"कोन म्हनलं?"
"डॉक्टर."
"डॉक्टरला काय, रोज काहीतरी म्हनायचंच असतंय."
चहा अर्धा टाकून गेला. तो वाईट माणूस नाही. त्यानं मला रिक्षात घातलं तेव्हा त्याचा गुडघा सोलला होता, अजून खपली आहे, मी बघितली. पण त्याला हे सगळं नको आहे. मलाही नको आहे.

९ ऑक्टोबर, एसटीत
पुण्याला निघालो, शबाना बरोबर. दवाखान्यातून दिलेल्या खाजेच्या गोळ्या आठवडाभर आधीच बंद करायला सांगितल्यात, कातडीवरची तपासणी करायची म्हणून. गोळी नाही म्हणजे अंगावर कपडा नाही असं वाटतंय.
आष्टीच्या स्टँडवर गाडी थांबली. सगळे उतरले. खिडकीखालीच फळांचा गाडा, पेरूच्या फोडी, मीठ-मिरची, आणि फोडींवर त्या. किती होत्या. बाई हातानं हाकलत होती, जशा आम्ही हाकलायचो. शबाना म्हणाली, उतरून या, पुढं लवकर थांबणार नाही. मी काच लावली आणि बसून राहिलो. नगरपर्यंत लघवी दाबून.

१० ऑक्टोबर, पुणे
इथल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्या असतील. घाई करत नाहीत. कातडीवर थेंब टाकून टोचलं. मधमाशीची थोडी गांध उठली, गांधीलमाशीचीही थोडी. पुन्हा तेच, दोन्ही. त्या वेळात शबाना माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे.
मग मॅडम म्हणाल्या, आता पेशींना विचारू.
रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांत एक जात अगदी कमी, शंभरात एखादी. तिच्या पोटात बारीक पुड्या भरलेल्या. ज्याची ॲलर्जी आहे ते विष आलं की ती चिडते आणि पुड्या फोडते. तेच सगळ्या अंगात झालं की माणूस पडतो. इथं माझं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घालणार, एकीत मधमाशीचं विष, एकीत गांधीलमाशीचं. चिडलेल्या पेशीच्या अंगावर एक खूण उमटते, ती मशीन मोजतं. पेशी जिवंत लागतात, रक्त ताजं लागतं, म्हणून परळीहून पाठवून चालत नाही, माणसानंच यायचं.
मी विचारलं, मला काही होईल का?
"जे व्हायचं ते नळीत होईल. तुम्ही बाहेर बसून चहा प्या."
चहा घेतला. कपात आधी बघून. दाराच्या आत माझंच रक्त त्या विषाबरोबर होतं, आणि मला इथं मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. हे वेड आहे, कळतं.

१४ ऑक्टोबर
रिपोर्ट मोबाईलवर आला, इंग्रजीत. सानियानं वाचला. मधमाशी, निगेटिव्ह. पुढं गांधीलमाशीच्या समोर काहीतरी लांब शब्द, तिला आला नाही. पण आकडा लहान होता.
भाईला फोन केला. तो म्हणाला, "म्हंजी काई न्हाई ना?" मी म्हणलं, निगेटिव्ह लिहिलंय.
"मग. मी काय म्हनत होतो."
रात्री जेवण गेलं. खिडकी उघडून झोपलो.

१५ ऑक्टोबर
गाड्यावर गेलो. बापू माल घेऊन आलता, मिठीच मारली त्यानं. "आला का रे मुश्ताक. तुझा भाऊ एकट्यानं पार वाकला."
दिवसभर बसलो. चार-पाचदा कानाशी आल्या. मान आकसली, पण बसलो. एक हातानं हाकलली पण. इंजेक्शन घरी. शबाना दारापर्यंत घेऊन आली होती, मी म्हणलं, राहू दे.
भाईनं स्वतः चहा आणला.

१६ ऑक्टोबर
मॅडमचा फोन. सकाळी, गाड्यावरच.
मी म्हणलं, मॅडम, रिपोर्ट मिळाला, शुक्र आहे खुदाचा.
त्या म्हणाल्या, "मुश्ताकभाई, तुम्ही आत्ता कुठं आहात?"
"गाड्यावर."
"फळांच्या? आधी तिथून बाजूला व्हा. मग सांगते."
मी बँकेच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, मधमाशी नाही, ते बरंच आहे. पण गांधीलमाशीचं नाही म्हणता येत नाही. पेशी किंचित चिडल्या, धड हो पण नाही, धड नाही पण नाही. आणि आमच्या बाटलीतलं विष परदेशातल्या गांधीलमाशीचं आहे. तिकडची जात वेगळी. तुमच्या गाड्यावर जी येते ती आमच्याकडे बाटलीत नाहीच. तुमच्या पेशींना आपण चुकीच्या माशीबद्दल विचारलं असेल.
"मग काय करायचं?"
"तुमच्या गाड्यावरच्या माशा मला पाहिजेत. धरून, बर्फात. आम्ही त्यांचं विष काढून पुन्हा बघू. अशी तपासणी अजून अभ्यासाचीच गोष्ट आहे, खरं सांगते."
जिन्यातून खाली आलोच नाही बराच वेळ. काल दिवसभर मी त्यांच्यात बसलो होतो. मान उघडी. इंजेक्शन घरी.
शेवटी भाई वर आला. मी सांगितलं. त्यानं मला रिक्षात बसवलं, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, बाजूचे पडदे सोड.

१९ ऑक्टोबर
पुन्हा खिडक्या बंद. या वेळी जास्त वाईट, कारण मधे एक दिवस सुटलो होतो.
माशा कोण धरणार? मला तर नाव काढवत नाही. शबाना म्हणाली, मी धरते. म्हणलं, नको. तुला चावली आणि तुलाही तसंच झालं तर सुई कोण देणार. मी?

२३ ऑक्टोबर
बापू घरी आला. दारातच म्हणाला, "तुजा भाऊ येडा झालाय का?"
काय झालं?
"बरणी घिऊन माशा धरायलाय. तीन दिस झालं. सीताफळाचा गर काढून फळीवर ठिवतो, त्यावर माशी बसली की वरून बरणी पालथी घालतो. गिऱ्हाईक आलं तरी थांब म्हनतो. काल अंगठ्याला चावली, असा सुजला. म्या म्हनलं, सोड की बे. तर म्हनतो, मुश्ताकला चावली ती हीच जात हाय का बघ. मला काय ठावं?"
बापू गेल्यावर भाईला फोन लावला. उचलला, म्हणाला, गिऱ्हाईक हाय, मग बोलतो. अंगठ्याचं विचारायचं होतं.

२५ ऑक्टोबर
भाई एकटाच पुण्याला गेला. ज्यूसवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या माशा, बर्फाच्या डब्यात घालून. जाताना घरी आला, पण डबा बाहेर रिक्षात ठेवून आला. दारातच उभा. अंगठा अजून लाल.
म्हणलं, भाई, तुला काही झालं नाही ना?
"मला काय व्हतंय." मग अंगठा चोळत, "त्या दिवशी मी चुना लाव म्हनलो."
म्हणलं, कुणीही म्हणलं असतं.
"हं," म्हणाला, आणि गेला.

७ नोव्हेंबर, पुणे
दुसऱ्यांदा रक्त. या वेळी भाई बरोबर आहे, शबाना सानियाच्या परीक्षेमुळं घरी. इंजेक्शनचा डबा भाईच्या खिशात, सारखा चाचपतो. शबानानं त्यालाही शिकवलंय, त्याला मात्र कुपी फोडायला जमत नाही, काचेचा भुगा होतो.
लॅबमधल्या मुलीनं बारीक झाकणाची नळी दाखवली, तळाला पाण्यासारखं. "ह्या तुमच्याच माशा." मी मागं सरकलो. पाण्याला भ्यालो.
रक्त देताना एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवतो. मी दुआ मागत होतो की पेशी चिडू देत. चांगलं निघावं म्हणून नाही. कशाला भ्यायचं ते तरी ठरावं म्हणून. सगळ्याला भिऊन दमलो.
भाई बाहेर मॅडमला विचारत होता, "पेशी खोटं बोलत्यात का कधी?"
मॅडम म्हणाल्या, "काही माणसांच्या पेशी बोलतच नाहीत. मुश्ताकभाईंच्या बोलतात, मागच्या वेळी आम्ही ते तपासलंय. बघू काय म्हणतात."

१३ नोव्हेंबर
फोन आला. शबानानं स्पीकरवर लावला.
आमची गांधीलमाशी. पेशी खूप चिडल्या. शंका राहिली नाही असं मॅडम म्हणाल्या. ज्यांना ॲलर्जी नाही अशा लोकांच्या रक्तातही तेच विष घालून बघितलं होतं, त्यांच्या पेशी गप्प बसल्या.
शबाना रडायला लागली. मला हलकं वाटलं, हे कसं सांगू. जणू घरात चोर आहे हे रोज म्हणत होतो आणि आज कुणीतरी म्हणालं, हो, आहे.
मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली. इलाजाचं विष कंपनीत बनतं, आणि ते परदेशी माशीचं. आमच्या माशीचं औषध कुणी बनवत नाही. माझ्या पेशींनी परदेशी माशीला किंचित ओळखलं होतं, म्हणजे दोन्हींत थोडं सारखं आहे. त्यामुळं ते औषध थोडंफार संरक्षण देईल. किती, ते नक्की सांगता येत नाही. "मी तुम्हाला खात्री देणार नाही. आणि टोचताना रिॲक्शन येऊ शकते. म्हणून पहिले डोस दवाखान्यात, सगळं हाताशी ठेवून."
आणि नाही घेतलं तर?
"तर इंजेक्शन कायम जवळ, आणि गाडा सोडायचा."

१६ नोव्हेंबर
शबाना म्हणते, गाडा सोडा. जहर ते जहर. ज्यानं तुम्ही मेला असता तेच अंगात घ्यायचं, आणि तेही दुसऱ्याच माशीचं, हे कुठलं डोकं.
मी म्हणलं, माशी गाड्यावरच असते असं आहे का? मशिदीच्या हौदावर असते. सानियाच्या शाळेच्या नळावर असते. लग्नात जिलेबीवर असते. काय काय सोडू?
ती म्हणाली, "मी सुई द्यायला शिकले ते तुम्ही जगावं म्हणून. मुद्दाम मरणाजवळ न्यायला नाही."
तिचं चुकत नाही. माझंही चुकत नाही. भांडण झालं नाही, पण दोघं वेगवेगळ्या खोलीत जेवलो.

२० नोव्हेंबर
मला वाटलं होतं भाई म्हणेल, घे इलाज, ये गाड्यावर. तो म्हणाला, "गाडा बंद करू. भुसाराचं टाकू. दाळ, तांदूळ. त्याच्यावर काई बसत न्हाई."
अब्बाचा गाडा. त्याचा जीव आहे त्यात, पिकलेलं सीताफळ बोट न लावता ओळखतो तो. बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.
म्हणलं, नको भाई.
"मग काय करतूस?"
"माहीत नाही."


२४ नोव्हेंबर
मॅडमना फोन केला. एकच विचारलं. मॅडम, तुमचा भाऊ असता तर?
म्हणाल्या, "घे म्हणाले असते. आणि पहिल्या दिवशी त्याच्या शेजारून हलले नसते."
शबाना ऐकत होती. संध्याकाळी तिनं पिशवी काढली, माझे दोन शर्ट घडी करून ठेवले. झटकून, उलटे करून, पुन्हा झटकून. मी बघत होतो.

१ डिसेंबर, एसटीत
निघालो, शबाना बरोबर. उद्या सकाळी पहिला डोस. मॅडम म्हणाल्या, इतका थोडा असेल की माशीलाही हसू येईल. मला आलं नाही.
भीती आहे. लपवत नाही. सकाळपासून आवंढा गिळून गिळून घसा दुखतोय, आणि घसा दुखतोय म्हणून जास्त भीती.
भाई स्टँडवर आलता. गाडा केळीवाल्याच्या भरवशावर टाकून. शेवटची सीताफळं, कागदाच्या पिशवीत, वर दोऱ्यानं बांधलेली. खिडकीतून माझ्या हातात दिली. "एक-एक बगून भरलंय. खाली-वर, सगळीकडून. आत काई न्हाई."
म्हणलं, बरं.
"खा," म्हणाला. गाडी हलली तरी खिडकीला हात धरून चार पावलं चालला.
आष्टी गेलं. पिशवी मांडीवर आहे, दोरा तसाच. वास येतोय. भाईनं बघून भरलंय म्हणजे बघूनच भरलेलं असणार. शबाना म्हणाली, "उघडू का?"
म्हणलं, थांब जरा.